वाचकांचे प्रश्न : अपग्रेडनंतर नाहीसे झालेले पार्टिशन

प्रश्न : मी सांगलीच्या एका महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवतो. माझ्या लॅपटॉपमध्ये ५१२ जीबीची एसएसडी असून तिच्यावर विंडोज १० आणि उबुंटू या दोन्ही प्रणाली गेली काही वर्षे सुरळीत चालत होत्या. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपल्यामुळे मी विंडोज ११ वर अपग्रेड केले. अपग्रेड विनातक्रार पूर्ण झाले. मात्र आता संगणक सुरू केला की प्रणाली निवडण्याचा मेनू येतच नाही, थेट विंडोज उघडते. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये पाहिले तर जिथे उबुंटू होते तिथे सुमारे १२० जीबीची काळी पट्टी असून तिच्यावर ‘अनअलोकेटेड’ असे लिहिलेले आहे. उबुंटूमध्ये दोन संशोधक विद्यार्थ्यांची सर्वेक्षणाची माहिती, आर भाषेतले प्रोग्राम आणि प्रबंधाचे मसुदे आहेत. बॅकअप आहे, पण तो जुना आहे. संगणक दुरुस्त करणारे गृहस्थ म्हणतात की, ती मोकळी जागा सी ड्राइव्हला जोडून टाकू किंवा तिथे उबुंटू नव्याने बसवू. मी काय करावे?

उत्तर : या दोन्ही सूचना आपण आज मुळीच मान्य करू नयेत. आपण कळवलेल्या लक्षणांवरून आपली कागदपत्रे त्या १२० जीबीमध्ये जशीच्या तशी असण्याची शक्यता बरीच मोठी आहे, आणि ती कायमची नष्ट करू शकतील अशा ज्या मोजक्या कृती आहेत, त्यांत या दोन्ही कृती मोडतात. त्या गृहस्थांचा हेतू चांगलाच असणार, परंतु त्यांना संगणक पुन्हा चालू करून द्यायचा आहे आणि आपल्याला आतली माहिती परत हवी आहे. या दोन उद्दिष्टांसाठी करायची कामे वेगळी असतात.

प्रथम पार्टिशन, म्हणजे डिस्कचा वेगळा आखून दिलेला भाग, नाहीसे होते म्हणजे काय होते, ते पाहू. डिस्कवर पार्टिशनची नोंद एका जागी असते आणि त्यातला मजकूर दुसऱ्या जागी असतो. आपल्या लॅपटॉपला विंडोज ११ चालत असल्यामुळे त्याची डिस्क जीपीटी या तक्त्याच्या नव्या पद्धतीची आहे असे धरून चालतो. या पद्धतीत डिस्कच्या सुरुवातीला, सेक्टर (डिस्कवरचा छोटा क्रमांकित कप्पा) १ मध्ये एक शीर्षक असते आणि साधारणपणे सेक्टर २ ते ३३ एवढ्या जागेत १२८ नोंदींचा तक्ता असतो. प्रत्येक नोंद १२८ बाइटची असते आणि तिच्यात पार्टिशन कोणत्या प्रकारचे आहे, कोणत्या सेक्टरपासून सुरू होते आणि कोणत्या सेक्टरवर संपते, अशी त्रोटक माहिती असते. म्हणजे सगळा तक्ता मिळून अवघा १६ केबीचा. सातबाऱ्यावरची नोंद गहाळ झाली म्हणून शेतातले पीक जसे नाहीसे होत नाही, तसेच या तक्त्यातली १२८ बाइटची एक नोंद गेल्याने १२० जीबीतला मजकूर पुसला जात नाही. विंडोजला मात्र तक्त्यात जे दिसते तेवढेच कळते, म्हणून ते त्या जागेला मोकळी जागा म्हणते.

मोठ्या अपग्रेडच्या वेळी, जुने रिकव्हरी पार्टिशन अपुरे पडत असेल तर विंडोजचा सेटअप सी ड्राइव्ह थोडा आक्रसून नवे रिकव्हरी पार्टिशन तयार करतो. त्यासाठी पार्टिशनचा तक्ता बदलून पुन्हा लिहावा लागतो, आणि दुसऱ्या प्रणालीच्या नोंदीला सर्वांत जास्त धोका असतो तो याच वेळी. २ ऑगस्ट २०१६ रोजी विंडोज १० चे ‘ॲनिव्हर्सरी अपडेट’ आले, तेव्हाही लिनक्सचे पार्टिशन नाहीसे झाल्याच्या तक्रारी जगभरातून आल्या होत्या. जीपीटीच्या तक्त्याची एक प्रत डिस्कच्या अगदी शेवटी ठेवलेली असते हे अनेकांना ठाऊक असते, आणि ती प्रत वापरून सगळे परत येईल अशी आशा असते. ही प्रत उपयोगी पडते ती मूळ तक्ता बिघडला असेल तेव्हा. एखाद्या प्रोग्रामने तक्ता रीतसर बदलला असेल तर तो प्रोग्राम दोन्ही प्रती एकाच वेळी बदलतो, त्यामुळे आपल्या बाबतीत तिच्यावर विसंबून राहू नये.

आता काय करू नये हे सांगतो, कारण नुकसान बहुधा इथेच होते. डिस्क मॅनेजमेंटमध्ये त्या काळ्या पट्टीवर ‘न्यू सिंपल व्हॉल्यूम’ निवडू नये. सी ड्राइव्हवर ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ करू नये. आपल्याकडे एसएसडी असल्यामुळे ही दुसरी गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. एसएसडीला कोणती जागा आता वापरात नाही हे कळवण्यासाठी ट्रिम नावाची आज्ञा असते, आणि विंडोज आपल्या ड्राइव्हमधल्या मोकळ्या जागेसाठी ही आज्ञा ठरावीक काळाने, सहसा आठवड्यातून एकदा, आपण न सांगताही पाठवते. अनअलोकेटेड जागा कोणत्याही ड्राइव्हचा भाग नसल्यामुळे सध्या ती या मोहिमेतून सुटलेली आहे. ती सी ड्राइव्हला जोडली, की त्याच क्षणापासून ती सी ड्राइव्हची मोकळी जागा ठरते आणि पुढच्या ट्रिमच्या वेळी एसएसडी तिच्यातला मजकूर स्वतःहून पुसायला मोकळी होते. त्यानंतर कोणतेही सॉफ्टवेअर तिथून सहसा शून्यांखेरीज काही वाचू शकत नाही. फिरत्या तबकडीच्या जुन्या हार्डडिस्कवर अशा चुकीनंतरही बरेच काही वाचवता येत असे. एसएसडीवर ही सवलत मिळेल असे गृहीत धरू नये. पार्टिशन शोधून देणारे म्हणून जाहिरात होणारे सॉफ्टवेअरही त्याच लॅपटॉपवर बसवू नये, आणि शक्य असेल तर काम पूर्ण होईपर्यंत तो लॅपटॉप बंदच ठेवावा.

पुढचे काम दुसऱ्या संगणकावर सुरू होते. तिथे उबुंटूची ताजी प्रतिमा (आयएसओ फाइल) उतरवून घ्या आणि रूफससारख्या साधनाने पेनड्राइव्हवर चढवा. घरात पडलेला जुना पेनड्राइव्ह वापरू नये, असा माझा आग्रह आहे. १३ ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटमध्ये ग्रबच्या (सुरुवातीला प्रणाली निवडण्याचा मेनू दाखवणाऱ्या लिनक्सच्या प्रोग्रामच्या) जुन्या, असुरक्षित आवृत्त्या रोखणारे एक धोरण आले. दोन प्रणाली असलेल्या संगणकांवर ते लागू होणार नव्हते, तरी प्रत्यक्षात त्यांतल्या अनेकांवर झाले, आणि सिक्युअर बूट (केवळ विश्वासार्ह प्रोग्रामनेच संगणक सुरू होऊ देणारी सोय) चालू असताना जुने लिनक्स ‘सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन’ असा संदेश देऊन थांबू लागले. नव्या प्रतिमेला ही अडचण सहसा येत नाही, त्यामुळे सिक्युअर बूट बंद करण्याचीही गरज पडत नाही. ते बंद करण्याची किंवा बूटचा क्रम बदलण्याची वेळ आलीच, तर त्याआधी विंडोजमध्ये जाऊन डिस्कला सांकेतिक कुलूप लावणारे बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू आहे का ते पाहा आणि चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. सेटिंग बदलल्यावर विंडोज ती मागू शकते, आणि तेव्हा ती हाताशी नसेल तर उबुंटू शोधता शोधता विंडोजही कुलूपबंद होईल.

पेनड्राइव्हवरून संगणक सुरू केल्यावर ‘ट्राय उबुंटू’ हा पर्याय घ्या, ‘इन्स्टॉल’ नव्हे. टर्मिनल (आज्ञा टंकण्याची खिडकी) उघडून एलएसबीएलके ही डिस्कची यादी दाखवणारी आज्ञा एफ या पर्यायासह द्या. (इथे आज्ञांची नावे देवनागरीत दिली असली तरी टर्मिनलमध्ये ती रोमन लिपीतल्या लहान अक्षरांत टंकायची आहेत, आणि डिस्कशी संबंधित बहुतेक आज्ञांच्या आधी सुडो लावायचे आहे.) या आज्ञेच्या उत्तरात आतल्या एसएसडीचे नाव बहुधा एनव्हीएमई०एन१ असे आणि पेनड्राइव्हचे एसडीए असे दिसेल. या यादीत ईएक्सटी४ (उबुंटूची नेहमीची फाइल प्रणाली, म्हणजे फाइली मांडण्याची पद्धत) असे लिहिलेले १२० जीबीचे पार्टिशन दिसले, तर आनंदाची गोष्ट आहे. नोंद शाबूत असून फक्त बूटची वाट हरवली आहे, आणि मग या उत्तराचा शेवटचा भाग तेवढा वाचावा. मात्र विंडोजमध्ये जागा अनअलोकेटेड दिसते आहे त्या अर्थी नोंदच गेलेली असणार. नोंद असती तर विंडोजने तिथे निळी पट्टी, फाइल प्रणालीचे नाव नसलेले पण ‘हेल्दी’ म्हटलेले पार्टिशन दाखवले असते.

त्यानंतर संपूर्ण डिस्कची प्रत घ्यावी. या पायरीला वेळ लागतो आणि एक टीबीची बाहेरची हार्डडिस्क लागते, म्हणून पुष्कळ जण ती गाळतात. आपल्याकडे दोन विद्यार्थ्यांचे संशोधन आहे. आपण ती गाळू नये असे मला मनापासून वाटते. यासाठी डीडीरेस्क्यू हे साधन वापरावे. त्याला आधी स्रोत, मग प्रतीची फाइल आणि शेवटी नोंदवहीची फाइल, या क्रमाने नावे द्यायची असतात. स्रोत आणि प्रत यांची अदलाबदल झाली तर होत्याचे नव्हते होईल. म्हणून एंटर दाबण्यापूर्वी दोन्ही नावे एलएसबीएलकेच्या यादीशी ताडून पाहावीत. बाहेरची डिस्क फॅट३२ पद्धतीची नसावी, कारण त्या पद्धतीत ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. प्रत पूर्ण झाल्यावर तीच बाहेरची डिस्क आपली सुरक्षित जागा ठरते आणि पुढचा सगळा शोध त्या प्रतीवर घेता येतो.

शोधासाठी टेस्टडिस्क हे मुक्त साधन आहे. ख्रिस्तोफ ग्रेनिए यांनी ते लिहिलेले असून उबुंटूच्या भांडारातून ते थेट मिळते. त्याचा पडदा जुन्या पद्धतीचा, केवळ अक्षरांचा आहे, पण त्याने बिचकू नये. टेस्टडिस्कला प्रतीच्या फाइलचे नाव देऊन सुरू करावे, तक्त्याचा प्रकार म्हणून ‘ईएफआय जीपीटी’ निवडावा, ‘ॲनालाइझ’ आणि मग ‘क्विक सर्च’ करावे. टेस्टडिस्क तक्त्यावर विश्वास न ठेवता डिस्कवरच्या खुणा शोधत जाते. ईएक्सटी४ पार्टिशनच्या सुरुवातीपासून १,०२४ बाइटवर सुपरब्लॉक नावाची माहिती असते, तिच्यात एक ठरलेली खूण असते आणि फाइल प्रणालीचा आकारही लिहिलेला असतो. खूण सापडली की सुरुवात कळते, आकार वाचला की शेवट कळतो. गेलेली नोंद पुन्हा उभी करायला एवढे पुरेसे असते. क्विक सर्चमध्ये काही न सापडल्यास ‘डीपर सर्च’ करावे. त्याला बराच वेळ लागतो.

खोलवर शोधताना पूर्वी कधीकाळी असलेल्या आणि नंतर मोडलेल्या पार्टिशनच्या खुणाही वर येतात, आणि एकमेकांवर चढलेली दोन-तीन पार्टिशने दिसून गोंधळ उडतो. खरे कोणते हे ओळखण्याचा मार्ग एकच : यादीतल्या त्या ओळीवर जाऊन पी हे अक्षर दाबावे. टेस्टडिस्क आतल्या फाइलींची यादी दाखवते. होम फोल्डर, त्यात आपले नाव आणि त्याखाली ओळखीचे फोल्डर दिसले की पार्टिशन सापडले. याच पडद्यावरून फाइली कॉपीही करता येतात. ए दाबून सर्व निवडाव्यात आणि मोठ्या लिपीतले सी दाबून त्या बाहेरच्या डिस्कवर उतरवाव्यात. उतरवलेल्यांपैकी काही फाइली लगेच उघडून पाहाव्यात, विशेषतः मोठ्या. नुसती नावे दिसणे पुरेसे नाही. विद्यार्थ्यांची माहिती या टप्प्यावर हाती आलेली असेल आणि लॅपटॉपच्या डिस्कवर अजून एक बाइटही बदललेला नसेल. पार्टिशन जागेवर परत आणण्याचा विचार त्यानंतरच करावा.

त्यासाठी टेस्टडिस्कमध्ये ‘राइट’ हा पर्याय आहे, आणि बहुतेक ठिकाणी तोच सुचवला जातो. माझा सल्ला थोडा वेगळा आहे. टेस्टडिस्क तक्ता लिहिते तेव्हा तिच्या यादीत असलेली पार्टिशनेच त्यात येतात. जे तिला सापडले नाही, ते नव्या तक्त्यातूनही वगळले जाते. विंडोजचे १६ एमबीचे राखीव पार्टिशन तर रिकामेच असते, त्यात शोधण्यासारखी खूणच नसते. एक नोंद परत आणताना दुसऱ्या नोंदी घालवण्याचा धोका कशाला पत्करावा? त्यापेक्षा टेस्टडिस्कने सांगितलेला सुरुवातीचा आणि शेवटचा सेक्टर कागदावर लिहून घ्यावा, आधी एसजीडिस्कच्या बॅकअप या पर्यायाने सध्याचा तक्ता एका फाइलमध्ये जतन करावा, आणि मग जीडिस्क वापरून नेमक्या त्याच दोन आकड्यांमध्ये ८३०० या प्रकाराची एकच नवी नोंद घालावी. बाकीच्या नोंदींना हात लागत नाही. काही जणांना एफडिस्कची सवय असते; त्यांनी एवढे लक्षात ठेवावे की, या जागेत ईएक्सटी४ ची खूण आढळली, ती काढून टाकू का, असा प्रश्न ते विचारू शकते आणि त्याचे उत्तर ‘नाही’ असेच द्यायचे असते. नोंद घातल्यावर फॉरमॅट करायचे नसते, हे वेगळे सांगायला नकोच.

आता ते पार्टिशन केवळ वाचनासाठी माउंट करून, म्हणजे प्रणालीला जोडून, पाहावे आणि मग ती जोडणी काढून ई२एफएससीके ही तपासणी एन पर्यायासह चालवावी, म्हणजे ती दोष दाखवते पण दुरुस्त करायला जात नाही. मुख्य सुपरब्लॉक खराब असल्याचे तिने सांगितले तरी धीर सोडू नये. ईएक्सटी४ त्याच्या प्रती ठरावीक अंतरावर ठेवते आणि ४ केबीचे ब्लॉक असतील तर पहिली प्रत ३२,७६८ क्रमांकाच्या ब्लॉकवर असते, पुढची ९८,३०४ वर. बी पर्यायासह हा आकडा दिला की तपासणी त्या प्रतीच्या आधारे चालते. नव्याने घातलेल्या नोंदीची ओळख बदललेली असली, तरी उबुंटू आपले पार्टिशन ज्या यूयूआयडी या ओळखक्रमांकावरून ओळखते तो फाइल प्रणालीच्या आत लिहिलेला असतो. त्यामुळे उबुंटूच्या स्वतःच्या नोंदींत सहसा काही बदलावे लागत नाही.

राहिला बूटचा मेनू. यूईएफआय या संगणक सुरू करण्याच्या नव्या पद्धतीत ग्रब हा एका वेगळ्याच छोट्या फॅट३२ पार्टिशनमध्ये, ईएफआय सिस्टम पार्टिशनमध्ये राहतो आणि विंडोजचा बूट मॅनेजरही तिथेच शेजारच्या फोल्डरात असतो. अपग्रेडच्या वेळी विंडोज स्वतःचे नाव क्रमात वर आणते, ग्रबचा फोल्डर मात्र सहसा तसाच राहतो. म्हणून आधी ईएफआयबूटएमजीआर ही आज्ञा देऊन यादीत उबुंटू आहे का ते पाहावे, आणि असेल तर ओ पर्यायाने त्याचा क्रमांक पहिला करावा. हेच काम संगणक सुरू होतानाच्या सेटिंगच्या पडद्यावरूनही करता येते. यादीत नावच नसेल, तर पेनड्राइव्हवरच्या उबुंटूतून मूळ उबुंटूमध्ये सीएचरूट करून, म्हणजे तिच्या आत शिरून, ग्रब पुन्हा बसवावा लागतो. हे काम लिनक्सची सवय असलेल्या सहकाऱ्याला सोबत घेऊन करावे. या कामाची घाई नसते, कारण आपली माहिती तर आधीच बाहेरच्या डिस्कवर आलेली असते.

आपण पत्र लिहिल्यानंतर त्या जागेत काही लिहिले गेले असेल, तर चित्र बदलते. तरीही प्रत घेऊन टेस्टडिस्क चालवावे, आणि पार्टिशन सापडत नसेल तर त्याच लेखकाचे फोटोरेक वापरून पाहावे. नाव छायाचित्रांचे असले तरी ते शेकडो प्रकारच्या फाइली त्यांच्या आतल्या खुणांवरून शोधते. फाइलींची मूळ नावे आणि फोल्डर मात्र मिळत नाहीत. आर आणि लाटेक (प्रबंध टंकण्याची एक पद्धत) यांच्या फाइली साध्या मजकुराच्या असल्याने त्यांना ठळक खूण नसते, त्यामुळे त्या हजारो मजकूर फाइलींच्या ढिगातून शब्द शोधून वेचाव्या लागतील.

प्रश्न : म्हापशाच्या आमच्या छपाई केंद्रात जुना डेस्कटॉप आहे. त्यावर विंडोज आणि लिनक्स मिंट आहे. विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर संगणक सुरू केला की काळ्या पडद्यावर ‘नो सच पार्टिशन’ आणि खाली ‘ग्रब रेस्क्यू’ एवढेच दिसते. विंडोजही उघडत नाही. दोन्ही पार्टिशने गेली असे समजायचे का?

उत्तर : तसे समजण्याचे कारण नाही. आपला संगणक बहुधा एमबीआर या तक्त्याच्या जुन्या पद्धतीचा आहे. तिच्यात पहिल्या ५१२ बाइटच्या सेक्टरमध्येच बूटचा छोटा प्रोग्राम आणि ६४ बाइटचा तक्ता असतो. तक्त्यात चारच नोंदी मावतात, म्हणून चौथ्याच्या पुढची पार्टिशने एका एक्स्टेंडेड पार्टिशनच्या पोटात साखळीने जोडलेली असतात आणि त्यांचे क्रमांक ५ पासून सुरू होतात. साखळीत सुरुवातीला एखादे पार्टिशन नवे आले किंवा जुने गेले की मागच्या सर्वांचे क्रमांक सरकतात. ग्रबने बसवतेवेळी आपल्या फोल्डराचा पत्ता पार्टिशनच्या क्रमांकासह लिहून ठेवलेला असतो. तो क्रमांक बदलला की त्याला आपलेच घर सापडत नाही, आणि विंडोजचा रस्ताही ग्रबच्या मेनूतूनच जात असल्यामुळे तीही अडते.

त्या पडद्यावर एलएस ही आज्ञा द्या. एचडी०, एमएसडॉस१, एमएसडॉस५ अशी नावे कंसांत दिसतील. एकेका नावापुढे तिरकी रेघ देऊन एलएस करत जा. ज्याच्या आत बूट, होम, ईटीसी अशी फोल्डरांची नावे दिसतील ते मिंटचे पार्टिशन. समजा ते एमएसडॉस६ निघाले, तर सेट आज्ञेने रूट हे चलपद त्या पार्टिशनवर आणि प्रिफिक्स हे चलपद त्याच पार्टिशनमधल्या बूट-ग्रब या फोल्डरावर ठेवा, मग इनस्मॉड नॉर्मल आणि शेवटी नॉर्मल टंका. नेहमीचा मेनू उघडेल. ही दुरुस्ती तेवढ्याच वेळेपुरती असते. म्हणून मिंट सुरू होताच टर्मिनलमध्ये ग्रब-इन्स्टॉल ही आज्ञा संपूर्ण डिस्कच्या नावाने द्या, पार्टिशनच्या नावाने देऊ नका, आणि त्यानंतर अपडेट-ग्रब द्या.

एलएसच्या यादीत मिंटचे पार्टिशन कुठेच नसेल, तर साखळीचा एखादा दुवा तुटलेला असू शकतो. एक दुवा तुटला की त्याच्या पुढची सगळी पार्टिशने एकदम नाहीशी झाल्यासारखी दिसतात. तिथे वरच्या उत्तरातला मार्गच धरावा, फक्त टेस्टडिस्कमध्ये तक्त्याचा प्रकार ‘इंटेल’ निवडावा.

प्रश्न : माझ्या संगणकावर विंडोज १० आणि डेबियन आहे, डिस्क एमबीआर पद्धतीची आहे. विंडोज ११ साठी ती जीपीटी करावी लागेल असे कळले. एमबीआर२जीपीटी हे साधन चालवले तर डेबियनचे काय होईल? – एक वाचिका, बेळगाव

उत्तर : आपण आधी विचारलेत याचे फार बरे वाटले. विंडोजबरोबर येणारे हे साधन माहिती न पुसता तक्ता बदलते, पण त्याच्या अटी कडक आहेत. डिस्कवर जास्तीत जास्त तीन प्रायमरी पार्टिशने असावी लागतात आणि एक्स्टेंडेड किंवा लॉजिकल पार्टिशन एकही चालत नाही. डेबियन बहुधा लॉजिकल पार्टिशनमध्येच असते, म्हणून साधन तपासणीतच थांबेल. व्हॅलिडेट या पर्यायाने ही तपासणी काहीही न बदलता करून घेता येते, ती अवश्य करावी. साधन नकार देते म्हणून डेबियनचे पार्टिशन काढून टाकण्याचा सल्ला कुणी दिला, तर आधी डेबियनमधली संपूर्ण माहिती बाहेर घ्यावी. तपासणी पार पडली तरी रूपांतरानंतर विंडोज यूईएफआय पद्धतीने सुरू होईल आणि डेबियनचा ग्रब जुन्या पद्धतीचाच राहील. डेबियनमध्ये यूईएफआयसाठीचा ग्रब नव्याने बसवावा लागेल.

अपग्रेडच्या आधी आणखी दोन गोष्टी कराव्यात. एसएफडिस्कच्या डी पर्यायाने सध्याचा तक्ता मजकूर फाइलच्या रूपात मिळतो. जेमतेम काही ओळींची ती फाइल दुसऱ्या संगणकावर ठेवावी आणि छापूनही ठेवावी. सुरुवातीचा सेक्टर आणि आकार हाताशी असले की हरवलेली नोंद परत घालण्याचे काम काही मिनिटांचे होते. दुसरे, विंडोजमधले ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करावे. ते चालू असताना संगणक बंद केला तरी विंडोज अर्धवट झोपलेलीच राहते, आणि अशा स्थितीत डेबियनमधून तिच्या पार्टिशनवर काही लिहिणे किंवा त्याचा आकार बदलणे धोक्याचे असते.

प्रश्न : माझ्या बाबतीत उलटे झाले आहे. उबुंटू २०.०४ वरून २२.०४ वर अपग्रेड केल्यापासून मेनूत विंडोज दिसत नाही. विंडोज पुसली गेली का? – एक वाचक, बडोदा

उत्तर : नाही. उबुंटू २२.०४ बरोबर ग्रबची २.०६ ही आवृत्ती येते आणि तिच्यात इतर प्रणाली शोधणारा ओएस-प्रोबर हा भाग सुरक्षेच्या कारणास्तव मुळातच बंद ठेवलेला आहे. ईटीसी फोल्डरातल्या डिफॉल्ट या उपफोल्डरात ग्रब नावाची फाइल आहे. तिच्यात ‘ग्रब डिसेबल ओएस प्रोबर’ ही ओळ, सर्व अक्षरे मोठ्या लिपीत आणि शब्द अधोरेषेने जोडून, ‘फॉल्स’ या किमतीसह लिहावी. ‘फॉल्स’ मात्र लहान अक्षरांत असावे. ती ओळ आधीपासून असेल आणि तिच्यापुढे हॅशचे चिन्ह असेल तर ते काढावे. मग अपडेट-ग्रब चालवावे. ‘विंडोज बूट मॅनेजर सापडला’ अशा अर्थाची ओळ टर्मिनलमध्ये उमटली की पुढच्या वेळी विंडोज मेनूत दिसेल. तोपर्यंत विंडोजची गरज पडली, तर संगणक सुरू होताना बूटची यादी दाखवणारी कळ दाबून ती थेट उघडता येते. ही कळ प्रत्येक कंपनीची वेगळी असते, बहुधा एफ९, एफ११ किंवा एफ१२.